पडद्यापलीकडच्या माणिकबाई

मी एक जुना हिरवा पडदा आहे, मित्रांनो, आणि आज तुमच्यासमोर यायची मला लाज वाटते आहे.

अमरावतीच्या एका शिंप्याने जाड कापडातून मला शिवले आणि मी इथल्याच एका दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात आलो. पेशंटच्या छातीवर दांडीला मला टांगतात. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचे काम. वाफेत उकडून उकडून माझा रंग पार उडाला, कडेला ठिगळ लागले. नवे पडदे आले तसे मला कपाटाच्या तळाशी कोंबू लागले. तरी मी आपल्या तोऱ्यात! "हा आहे म्हणून बायाबापड्यांची लाज राहते," असे नर्स नीलमताई म्हणायच्या, आणि मला ते खरेच वाटायचे.

परवा मोर्शीकडच्या माणिकबाई आल्या. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. पोटात नळी बसवली की त्यांना घरच्या घरी डायलिसिस करता येणार होते. मी ट्रॉलीवर घडी होऊन पडलो होतो. भूल देणाऱ्या रागिणी डॉक्टर त्यांना समजावत होत्या. पूर्ण भूल दिली तर बाईंचे कमजोर हृदय दगा देईल. पाठीत सुई द्यावी, तर या आजारात रक्त लवकर थांबत नाही, आत साचायची भीती. म्हणून फक्त पोट बधिर करायचे आणि बाईंनी जागे राहायचे.

"ना बाई! मले पुरी झोपवा," माणिकबाई ऐकेनात.

"काहून हट्ट करता काकू? जिवावर बेतेल ना!"

माणिकबाईंनी पदर पोटावर ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "पोटावर डाग हायेत माह्या. लहानपणी पोट फुगलं तं मायनं इळा तापवून डागलं होतं. अकोल्यात सोनोग्राफीवाला ते पाहून म्हणे, काय अडाणी लोकं! माय मरून गेली माही. तिले कोनी नावं ठेवलेले मले नाही ऐकवत. झोपेत असली म्हंजे मंग म्हनू द्या काय म्हन्ते तं."

रागिणी डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. "कोणी काही बोलणार नाही, काकू. माझा शब्द. आणि हा पडदा आहे ना मधे!"

माझ्याकडे पाहून बाई तयार झाल्या. मी फुगलो हो, काय सांगू!

पोट बधिर झाले, काम सुरू झाले. तेवढ्यात मदतीला रोहित डॉक्टर आले. ते उशिरा आले होते, त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. माझ्यामागे माणिकबाईंचे डोळे टक्क उघडे होते, पण मी मधे होतो. पेशंट झोपलेलाच असणार असे त्यांनी धरले.

"अरे बापरे! लेकराला डागलंय हे? कसले आईबाप म्हणायचे! जनावरं नुसती."

रागिणी डॉक्टर ओरडल्या, "रोहित!" पण व्हायचे ते होऊन गेले होते. माणिकबाईंच्या डोळ्यांतले पाणी कानात उतरले. हलायचे नव्हते म्हणून त्या हलल्याही नाहीत. मला वाटले, दांडीवरून गळून पडावे.

मग पलीकडून आवाज आला. "अडाणी होती माय, खरं हाय डाक्टर. पन डागाच्या आंधी तिनं मले छातीशी धरलं होतं. रडून राह्यली होती ते. तुमी तं मी जागी हाव का, तेबी नाही पाह्यलं."

नळी नीट बसली, बाईंचा जीव वाचला. काम संपल्यावर रोहित डॉक्टर मला बाजूला सारून त्यांच्यासमोर उभे राहिले. "चुकलं माझं, मावशी," म्हणाले. माणिकबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले.

बाईंचे पोट मी त्यांच्याच नजरेपासून झाकले, पण त्यांचे डोळेही मीच त्या डॉक्टरांपासून झाकले. मित्रांनो, मला धुवा, शिवा, नाही तर फरशी पुसायला घ्या. पण माझ्यासमोर उभे राहून कोणाविषयी काही बोलायचे झाले, तर आधी मला जरा बाजूला करा आणि त्या माणसाचे तोंड बघा.