रिकाम्या घराची व्याख्या

वीजमीटरनं घर रिकामं कधी मानायचं, यावर अकरा देशांच्या समितीचं घोडं चार वर्षं अडलं होतं. या खेपेला प्रत्येकानं खऱ्या घराचा आलेख आणायचा होता. परवानग्यांची कटकट नको म्हणून त्यातल्या एका अभियंत्यानं आईच्याच घराचा आणला.

"रोज पहाटे पाचला हा उंचवटा कसला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"चहाची विजेची किटली."

"तीन तारखेनंतर तो दिसत नाही. मीटर बिघडला?"

"मीटर ठणठणीत आहे." त्या दिवशी आई गेली, हे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

"आणि या बारीक लाटा?"

"फ्रिज." तो बंद करायला जायचं महिनाभर राहूनच गेलं होतं.

"म्हणजे कुणीतरी परत येणार. घर रिकामं नाही. मान्य?"

दहा हात वर झाले. मग त्यानंही केला.