सहा जाळ्यांचा शेगडा

मी लोखंडी शेगडा बोलतोय. सावकाश बोलतो. जाड लोखंड तापायला वेळ घेतं आणि निवायलाही, तेव्हा तुम्हीही जरा बसूनच ऐका.

मंगोलियाच्या उत्तरेला, डोंगरउतारावरचं लार्चचं जंगल जिथं संपतं आणि गवत सुरू होतं, तिथं माझा संसार झाला. आमच्याकडे घरं गोल असतात. लाकडी जाळ्या उभ्या करून त्यांच्या भिंती करायच्या, वरून लोकरीचा जाड नमदा गुंडाळायचा, छपराच्या गोल झरोक्यातून धुराडं बाहेर काढायचं आणि बरोबर मधोमध मला ठेवायचं. घर केवढं, हे जाळ्यांवरून सांगतात. चार जाळ्यांचं घर लहान. सहा जाळ्यांचं मोठं. एवढं लक्षात ठेवलंत तर माझी गोष्ट समजायला सोपी जाईल.

तोग्मिद नावाच्या लोहारानं मला घडवलं. तेलाच्या एका जुन्या टाकीचा जाड पत्रा त्यानं कापला, वाकवला, जोडला. मला घ्यायला लुव्सान आला होता. तेव्हा तो तरुण होता. मिशी काळीभोर होती आणि बोलणं मोठ्यानं होतं.

"घर किती जाळ्यांचं?" तोग्मिदनं विचारलं.

"सहा."

"माणसं?"

"आईबाबा, आम्ही दोघं, पाच पोरं. कोकरं झाली की तीही आतच."

तोग्मिदनं दोन्ही हात पसरून माप दाखवलं. "मग एवढा."

"अजून थोडा मोठा कर की. थंडी बघतोस ना?"

"मी घर तापवायला बनवतो, लुव्सान. डोंगर तापवायचा असेल तर दुसरा लोहार बघ. आणि लाकूड कोण फोडतं तुझ्याकडे? बायकोच ना? मग तिला विचारून ये."

लुव्सान हसला. असा मी बरोबर मापाचा जन्माला आलो.

ते दिवस चांगले होते. सकाळी लुव्सानची बायको दुलमा मला पेटवायची. मिठाच्या चहाचा पहिला घोट विस्तवाला, मग घरच्यांना. माझ्याकडे कुणी पाय करून बसत नसे. माझ्यात केर टाकत नसत. पोट भरून लाकडं मिळायची, हवा मिळायची, जाळ मोकळा चालायचा, धुराड्यातून धूर निघतोय की नाही हेही कळायचं नाही. माझ्या एका बाजूला ओले बूट, दुसऱ्या बाजूला नुकतं जन्मलेलं कोकरू. बाहेरून तावातावानं भांडत आलेली माणसं माझ्यासमोर हात शेकायला बसली की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. हे मी कितीदा पाहिलं.

मग घर रिकामं होत गेलं. म्हातारा-म्हातारी गेली. पोरं शहरात गेली, पोरी सासरी गेल्या. राहिला जांबाल, सगळ्यांत धाकटा. आमच्याकडे थोरली मुलं आपापली गुरं घेऊन वेगळी चूल मांडतात, आणि आईबापाची चूल शेंडेफळाकडे राहते. तो मान असतो.

जांबालचं लग्न ठरलं तेव्हा मोठ्या घराचा नमदा विरला होता. दुलमानं चांगला नमदा आणि चांगल्या जाळ्या निवडून लेकासाठी चार जाळ्यांचं घर उभं केलं. शेजारी त्याहून लहान, जुनंपानं घर दोघा म्हाताऱ्यांसाठी. त्यात गुडघ्याएवढी पत्र्याची शेगडी.

"हा शेगडा तिकडे फार मोठा होईल हो," दुलमा म्हणाली.

"चूल आहे ती. पेटारा आहे का, मावतो की नाही बघायला?" लुव्सान म्हणाला. "ती शेंडेफळाकडेच जाणार."

लग्नाच्या दिवशी मला त्या घरात ठेवलं. पाहुण्यांना माझ्या कडेनं अंग चोरून जावं लागत होतं. नवरीचा मामा म्हणाला, "जावईबापू, यात घोडा मावेल. आमच्या पोरीला घरात जागा नाही उरली तर आत ठेवाल की काय!" सगळे हसले. लुव्सानही हसला, आणि अभिमानानं माझ्या पाठीवर थाप मारायला गेला, मग हात पोळला म्हणून झटकत बसला.

नव्या सुनेचं नाव देल्गेर. शांत पोरगी. त्या दिवशी पाहुणे बसण्याआधी पहिला विस्तव तिनंच पेटवला होता, पहिला चहा ठेवला होता आणि दूध घ्यायला वळेपर्यंत चहा उतू गेला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर झरोक्याकडे, एकदा भिंतींकडे. त्या पोरीला त्याच क्षणी कळलं होतं. मलाही.

मी वाईट नव्हतो, हे मला ठामपणे सांगायचं आहे. माझा सांधा कधी निखळला नाही, माझं दार आजही नीट लागतं. पण लहान घरात मोठा शेगडा आला की काय होतं ते ऐका. पोटभर लाकडं घातली, तर घटकाभरात माणसं घामानं भिजतात आणि दार उघडून बसतात. म्हणून मग ती बेतानं घालतात. एखादं लाकूड माझ्या पोटात एका कोपऱ्यात पडून राहतं. नीट पेटत नाही, नुसतं धुमसतं. वर तेच लाकूड पहाटेपर्यंत पुरावं म्हणून खालची हवेची झडप लावून घेतात. थंड धूर धुराड्यात चढता चढता दमतो आणि डांबरासारखा आतून चिकटून बसतो. लोखंड कोमट, घर गार, आणि हवेत एक कडू वास. लहान शेगडी धगधगीत जळते, तिला हे दुखणं होत नाही.

पानगळीत देल्गेरला मुलगी झाली. सोलोंगो. थंडी वाढली तशी ती खोकू लागली.

"बाबांना सांग ना," देल्गेर नवऱ्याला म्हणायची.

"काय सांगू? तुमची चूल नको म्हणून?"

"पोरगी खोकतेय म्हणून सांग."

"लहान पोरं खोकतातच गं."

"खोकतातच? बाहेर बर्फात नेलं की हिचा खोकला थांबतो. घरात आणलं की सुरू. मग सांग, खोकला थंडीचा की घराचा?"

जांबाल लाकडं आणायला उठून जायचा.

तो भित्रा नव्हता. पण बापाचा मान मोठा होता. बाहेर बर्फावर लुव्सानच्या बुटांचा आवाज आला, की दोघं घाईघाईनं माझ्या पोटात लाकडं भरायची आणि झडप उघडायची. लुव्सान आत येईपर्यंत मी लाल व्हायला लागायचो.

"वा! बघा, अजून कसा तापतो!" तो डगला काढून ठेवायचा, कपाळ पुसायचा. "थंडी वाजते का रे कुणाला?"

"नाही बाबा."

तो खूष होऊन जायचा. तो गेला की दार उघडायचं, घरातली सगळी ऊब बाहेर, आणि पुन्हा ते एकटं लाकूड कोपऱ्यात धुमसत. म्हाताऱ्यानं मला या घरात एकदाही रोजच्यासारखं पाहिलं नव्हतं.

मग वादळाचा दिवस आला. मेंढ्या वाऱ्याच्या दिशेनं पांगल्या, जांबाल आणि देल्गेर त्यांच्यामागे गेली. लुव्सान नातीला सांभाळायला आला. नेहमीच्या सवयीनं त्यानं माझ्यात भरभरून लाकडं घातली. पोरगी तापून लाल झाली, रडू लागली. तेव्हा त्यानं जाळ उतरू दिला, एक जाडसर, थोडं ओलसर लाकूड आत सारलं आणि झडप लावली. सगळे लावतात तशीच.

धुराडं आतून आधीच आवळलेलं होतं. धुराला वाट मिळेना. तो माझ्या दारातून परत घरात यायला लागला. मला श्वास रोखून धरता आला असता तर मी धरला असता. पण लोखंडाला ते जमत नाही. लुव्साननं दार उघडलं, तर वारा आत घुसला आणि धूर गरगर फिरला. सोलोंगोचं रडणं थांबलं. नुसती घरघर ऐकू येऊ लागली.

म्हाताऱ्यानं तिला डगल्याच्या आत, छातीशी धरलं आणि तो त्या वादळातून शेजारच्या घराकडे निघाला. मी एकटा राहिलो. वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. माझं सगळं लोखंड कान होऊन बसलं होतं. बऱ्याच वेळानं त्या लहान घरातून पोरीचं रडणं ऐकू आलं. मोठं, खणखणीत, रागावलेलं रडणं. एवढं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

संध्याकाळी सगळे माझ्याभोवती जमले. सोलोंगो दुलमाच्या मांडीवर झोपली होती. जांबालनं धुराडं काढून आपटलं, तर आतून काळ्या चकचकीत खपल्या पडल्या.

"साफ ठेवत नाही तुम्ही," लुव्सान म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"दर आठवड्याला झाडतो, बाबा."

दुलमा म्हणाली, "तुमचा डगला घाला नातीला उद्यापासून. तोही बापाकडूनच आलाय तुमच्याकडे. पायात अडकून पडेना का पोर! मान तर राहील."

"अगं, पण मी येतो तेव्हा तर छान तापलेला असतो!"

देल्गेरनं मान खालीच ठेवून सांगितलं, "तुम्ही येता तेव्हाच, बाबा."

लुव्सान तिच्याकडे बघत राहिला.

"एरवी एवढी लाकडं घातली तर आम्ही भाजून निघू. आणि वसंतापर्यंत लाकूड पुरायचं नाही." तिनं मान वर केली. "चूल मोडा म्हणत नाही मी. विस्तव तुमचाच राहील. त्याला आमच्या घराच्या मापाची शेगडी द्या."

"पोरी, चूल म्हणजे..."

"पूर्वी तीन दगडांची चूल असायची," दुलमा मध्येच म्हणाली. "एक घरधन्याचा, एक घरधनिणीचा आणि एक सुनेचा. तुमच्याच आईनं सांगितलंय मला. तिसरा दगड बोलतोय. ऐका."

लुव्सान उठून गेला. त्या रात्री मला कुणी पेटवलं नाही. सगळे पत्र्याच्या त्या गुडघ्याएवढ्या शेगडीभोवती दाटीवाटीनं झोपले.

पण सकाळी म्हातारा परत आला. स्वच्छ केलेलं धुराडं त्यानं स्वतः बसवलं आणि म्हणाला, "रोज करता तसंच करा. माझ्यासाठी एक काटकी जास्त घालाल तर बघा." आणि बसला. दिवसभर बसला, डगला अंगावर ठेवून. लाकूड कोपऱ्यात धुमसताना त्यानं पाहिलं. माझ्या कुशीला तळवा लावायला त्याचा हात पुढे आला, अर्ध्यात थांबला, मग बोटाच्या टोकानं त्यानं चाचपलं. कोमट. तो खोकला. पुन्हा खोकला. मग देल्गेरनं फोडलेल्या लाकडांतलं एक त्यानं बगलेत मारलं आणि घोड्यावर बसून गावाकडे गेला.

तोग्मिद आता नाही. त्याची मुलगी दुकान चालवते. लुव्साननं ते लाकूड तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "हे जिनं फोडलंय तिच्या घराला शेगडी पाहिजे. चार जाळ्या. याहून लांब लाकूड जाईल एवढी करू नकोस." हे त्यानंच नंतर घरी सांगितलं, दोन-तीनदा, जणू कल्पना पहिल्यापासून त्याचीच होती. दुलमानं त्याला तसं सांगू दिलं.

नवी शेगडी आली. लहानशी, जाड बुडाची. तिला पाहून मला हेवा वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटला. तिचं माप बरोबर होतं, आणि बरोबर माप दिसलं की मला बरं वाटतं.

जांबालनं चिमट्यानं माझ्या पोटातले निखारे उचलले आणि तिच्यात ठेवले. देल्गेरनं वर बारीक काटक्या घातल्या. लुव्साननं चमचाभर लोणी विस्तवाला दिलं, पण तोंडानं काय पुटपुटायचं ते त्याला आठवेना, तेव्हा दुलमानं ते म्हटलं. जाळ एकदम उठला, मोकळा, पिवळा. झडप उघडीच राहिली. दार बंद राहिलं. सोलोंगो त्या रात्री खोकली नाही.

मी आता बाहेर, मेंढ्यांच्या कुंपणाजवळ उभा आहे. लुव्साननं माझ्यावर ताडपत्री बांधली आहे. लोक मला मागायला येतात. परवा खालच्या वस्तीतला चोइदोग आला होता.

"काका, द्या की तो शेगडा. मुलाचं लग्न आहे."

"घर किती जाळ्यांचं?"

"पाच."

"नाही मिळणार."

"अहो, मोठा असला म्हणून काय बिघडलं? कमी जाळू."

"तेच तर बिघडतं."

"इथं गंजून जाईल की!"

"गंजू दे," लुव्सान म्हणाला. "आत ये, चहा घे. आमची शेगडी बघ."

मी गंजणार नाही. माझा पत्रा जाड आहे. सहा जाळ्यांचं, माणसांनी भरलेलं घर कुठं तरी उभं राहील आणि मला नेईल. माझी खात्री आहे. तोवर एवढंच सांगतो. तुमच्या घरी विस्तव आणाल तेव्हा आधी घर बघा, माणसं मोजा, लाकूड कोण फोडतं ते विचारा. मग शेगडी निवडा. मान राखायचाच असेल तर तिला रोज पोटभर जळू द्या.

आता बर्फ वितळलंय. सकाळी ऊन आलं की लुव्सान ताडपत्री सोडतो आणि माझ्यावर बसतो, मांडीवर नात घेऊन. आज ती वाकली आणि तिनं दोन्ही तळवे माझ्यावर टेकवले, पूर्ण, बोटं पसरून. इतक्या वर्षांत मला असा उघड्या हातानं कुणी स्पर्श केला नव्हता. आधीच्या सगळ्यांचे हात पोळले असते.

ती हसली आणि तिनं खोल श्वास घेतला. मी उन्हानं थोडासा तापलो होतो. तिला पुरेल एवढाच.