पिस्त्याची वाटणी

माण तालुक्यात पिस्ता पिकतो असं कुणी सांगितलं, तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेईल. जिथं बाजरीच पावसाची वाट बघत उभी असते, तिथं पिस्ता कुठला? पण हवालदार लालासाहेबांच्या मळ्यात पिस्त्याची दोन झाडं होती आणि ती बघायला दहिवडीपासून माणसं येत. गावात त्यांना काबुली झाडं म्हणत.

लालासाहेब पलटणीत असताना क्वेट्ट्याच्या पुढं चमनला होते. छावणीशेजारी एका म्हाताऱ्या पठाणाची बाग होती. कामावरून सुटले की लालासाहेब त्या बागेत जाऊन बसत. शेतकऱ्याचं पोर ते, परेडवर जीव रमणार कितीसा! रजेवर निघाले तेव्हा म्हाताऱ्यानं त्यांच्या ओंजळीत कच्चे, न भाजलेले पिस्ते घातले आणि पेरून बघ म्हणाला. लालासाहेबांनी ते पायमोज्यात बांधून गावी आणले, धाकट्या भावाच्या, केरबाच्या हवाली केले आणि रजा संपल्यावर परत गेले.

पुढचं सगळं केरबानं केलं. बी रुजवलं, रोपांना बोराटीचं कुंपण घातलं, शेळ्यांशी भांडला. दुष्काळाच्या सालात विहिरीनं तळ गाठला, तेव्हा बैलांना पाणी दाखवून उरलेली कळशी तो या रोपांच्या बुडात ओतायचा. बायको बनुबाई करवादली, तर म्हणायचा, "दादानं लांबनं आणल्यात. मरू कशी देऊ?" चार रोपं जळाली, दोन जगली. लालासाहेब पेन्शन घेऊन घरी आले तेव्हा झाडं त्यांच्या डोक्याच्या वर गेली होती. आपण बी आणलं आणि केरबानं झाडं केली, हे त्यांना कळत होतं, पण लोकांपुढं ते "माझी झाडं" असंच म्हणत. केरबानं कधी हरकत घेतली नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली भाऊ वेगळे झाले. भांडण भावांचं नव्हतंच. राहीबाई आणि बनुबाई या जावांचं एका चुलीवर जमेना, एवढंच. वाटणीची घरची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही आणि धाकट्याला बोलायला जागा राहत नाही. लालासाहेबांनी चोख वाटे पाडले. रान निम्मंनिम्म, बैल एकेक, विहिरीची पाळी दिवसाआड, आणि पिस्त्याचं एकेक झाड. दोन झाडांत एक उंच, सरळ, भरल्या अंगाचं होतं. दुसरं बुटकं आणि वाकडं. मधून नवा बांध जायचा होता. पंच म्हणाले, "उचल केरबा." केरबानं उंच झाडावर हात ठेवला.

लालासाहेबांना ते लागलं. रीत त्यांच्याच घरची, वाटे त्यांनीच पाडलेले, तरीही मनात कुठंतरी होतं की केरबा म्हणेल, दादा, ते चांगलं तुमाला. तो म्हणाला नाही. ज्या झाडाला त्यानं पोरासारखं वाढवलं, ते त्यानं घेतलं. त्यात त्याची काडीचीही चूक नव्हती. पण लालासाहेब नाकावर माशी बसू न देणारे. त्यांनी ते मनात धरलं.

पुढच्या चैत्रात दोन्ही झाडं पहिल्यांदा फुलली. केरबाच्या झाडाला तांबूस तुऱ्यांचे घोस आले, वारा सुटला की पिवळी भुकटी उडायची आणि बांधावरून लालासाहेबांच्या झाडावर येऊन पडायची. तिकडं फूल असं दिसतही नव्हतं, नुसते हिरवट बारके कळे. गाव म्हणालं, केरबानं बाजी मारली. आणि भादव्यात बघतात तर केरबाच्या झाडाला पानाखेरीज काही नाही, आणि त्या बुटक्या, वाकड्या झाडाला गुलाबी सालीच्या फळांचे घड! साल चोळून काढली की आत पांढरी कवटी, टोकाला उकललेली, आणि फटीतून हिरवा गर दिसायचा.

त्या दिवशी लालासाहेबांना चमनचा म्हातारा आठवला. बागेच्या कडेला एक उंच झाड होतं, त्याला कधी फळ नसायचं. हे तोडत का नाही, असं लालासाहेबांनी विचारलं होतं. म्हातारा हसून म्हणाला होता, "हवालदार, ये पूरे बाग का दूल्हा है." याला तोडलं तर बाकीची झाडं फळं धरतील, पण आत दाणा भरणार नाही.

म्हणजे केरबाचं झाड नर होतं आणि त्याच्या जिवावर आपलं झाड फळत होतं. लालासाहेबांना हे लख्ख कळलं. केरबाला हाक मारून एवढंच सांगायचं होतं की गड्या, यातलं निम्मं तुझं आहे. पण ते मूग गिळून बसले. उचलला ना आधी? मग भोग म्हणावं! पुढच्या वर्षी सांगू, असं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी. आणि जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड झालं.

पिस्ते मामलेदारांकडं गेले, साताऱ्याच्या पाहुण्यांकडं गेले, बांधापलीकडच्या घरात मात्र गेले नाहीत. केरबाची पोर मनू तेवढी काकांच्या लाडाची. तिच्या ओच्यात ते कुणाच्या नकळत मूठभर टाकत आणि ती तिथंच उभी राहून फस्त करी.

इकडं गावानं केरबाला सळो की पळो केलं. "काय केरबा, औंदा तरी पिस्तं चारणार का?" पारावर हा रोजचा विषय झाला. केरबानं झाडाला लेंडीखत घातलं, बुडाशी खणून मुळ्यांना ऊन दाखवलं. न फळणाऱ्या झाडाला करतात ते सगळं केलं. खोडात लोखंडी खिळे ठोकले, फांदीला फाटकं पायताण टांगलं. शेवटी शेवटी तो झाडाला तोंडावर शिव्या द्यायचा. बांधाच्या अलीकडं लालासाहेब त्या ऐकत.

मनूचं लग्न ठरलं. गावजेवणाला लाकूड हवं होतं. फाल्गुनात एका सकाळी केरबा लालासाहेबांच्या अंगणात येऊन उभा राहिला. वेगळं झाल्यापासून पहिल्यांदाच आला होता. बसला नाही.

"दादा, ती काबुली झाड तोडावं म्हणतुया. मनूच्या लग्नाला लाकूड व्हईल. पर बी तुमी आणल्यालं, म्हणून इचाराय आलो. तोडू का?"

आता बोलायला हवं होतं. भाऊ चालून दारात आला होता, आणि एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की इतकी वर्षं का बोलला नाहीत, हा प्रश्न पाठोपाठ येणार होता. लालासाहेबांनी सुपारी कातरता कातरता मान खालीच ठेवली.

"तुज्या वाट्याचं हाय. तुजं तू बघ."

केरबा मग बरं म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले तसे लालासाहेब पायताण घालून धावले. बांधापर्यंत गेलेही. तिथं भावकीतली आठदहा माणसं जमलेली, चहा फिरत होता, थट्टा चालली होती. एवढ्या माणसांत काय सांगायचं? हवालदारानं भावाला फसवलं म्हणून? ते बांधावरून परत फिरले. लग्नात मनूचे काका म्हणून फेटा बांधून मिरवले, पण पंगतीतून अर्ध्यावर पोटदुखीचं निमित्त करून उठले.

त्या भादव्यात झाड नेहमीसारखंच लगडलं. लालासाहेबांनी एक घड तोडला. कवट्या गच्च मिटलेल्या होत्या. दगडानं फोडल्या, तर आत काही नाही. हा नाही तर तो भरला असेल, म्हणून ते संध्याकाळपर्यंत फोडत बसले. एकातही दाणा नव्हता. राहीबाईंना म्हणाले, औंदा हवा लागली. पण पुढच्या वर्षीही तेच झालं, तेव्हा हवेचं नाव घ्यायची सोय उरली नाही. आता त्यांना रात्रंदिवस एकच वाटे, केरबा विचारायला आला होता. तो विचारायला आला होता!

लढाई संपली त्याच साली, भादव्याच्याच एका दुपारी, केरबा पुन्हा आला. हातात पाटी होती. कुणाकडं काही मागायची सवय नसलेला माणूस, पाटीची कड चाचपत म्हणाला,

"मनू आलीया म्हायेरी. दिवस गेल्यात तिला. चिच न्हाई, बोरं न्हाई, म्हणती काकाचं पिस्तं पायजेत." तो ओशाळून हसला. "पोरीसाठी आलुया, दादा. मूठभर द्या."

झाड समोर गुलाबी घडांनी वाकलेलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, केवढी ही बरकत! लालासाहेब झाडाकडं बघत राहिले. केरबानं त्यांची मान हलली असं धरून चार घड पाटीत तोडले. सवयीनं एक फळ चोळलं, दगडावर फोडलं. दुसरं फोडलं. तिसरं फोडलं. मग त्यानं वर बघितलं.

"ही पोकळ हाय."

"समदीच पोकळ हायती, केरबा," लालासाहेब म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पठाणाचं बोलणं सांगितलं, भुकटीचं सांगितलं, तुझ्या झाडावर माझं फळत होतं हेही सांगितलं. काही झाकलं नाही.

केरबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कवापास्नं ठावं हुतं?"

"पयल्या बहरापास्नं."

"मी इचाराय आलो, तवा बी?"

"तवा बी."

लालासाहेब शिव्यांची वाट बघत होते. केरबानं त्या दिल्या असत्या, अंगावर धावून आला असता, तर त्यांना बरं वाटलं असतं. पण केरबा बांधापलीकडं, जिथं त्याचं झाड होतं तिकडं बघत होता. त्याचे डोळे भरून आले.

"लय वंगाळ बोललो मी त्येला," तो म्हणाला. "खिळं मारलं. आन् ती आपलं काम करत हुतं."

"केरबा, माझं चुकलं रं."

केरबानं पाटी झाडाखाली पालथी केली, घड तिथंच पडले. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून तो बांधाकडं वळला.

"मनूला काय सांगशील?" लालासाहेबांनी मागून विचारलं.

केरबा वळला नाही.

"काका घरी न्हवतं, म्हणून सांगतो," तो म्हणाला आणि रिकामी पाटी घेऊन बांध ओलांडून गेला.