टोपी वर राहिलेलं काडतूस

आबांनी मंगळवारी सकाळी सव्वासातला चाप ओढला, काडतूस उडालं नाही, आणि त्यानंतर वीस दिवस ते रायफल धरून पालथे पडून राहिले. नियम तसा आहे. काडतूस उडालं नाही तर नळी निशाणाकडेच ठेवून थांबायचं, कारण ते उशिरा उडू शकतं. एरवी अर्धं मिनिट पुरतं. या वेळी अर्धं मिनिट संपेना.

आबा म्हणजे माझे सासरे, निवृत्त सुभेदार ज्ञानदेव निकम, वय चौऱ्याहत्तर. सातारच्या बाहेर माळावर एक जुनी रेंज आहे, तिथं ते दर मंगळवारी नेमबाजीला जायचे. विकतची काडतुसं त्यांना पसंत नव्हती. वापरलेल्या पुंगळ्या घरी आणून ते त्यात बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी, दारू आणि गोळी बसवतात, असं सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षांपासून त्यांची बोटं थरथरत होती, हे कुणाला माहीत नव्हतं. काडतुसं मी भरायचे. हेमंत, माझा नवरा, कामावर गेला की आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. आबा तोंडी सांगायचे, मी हात चालवायचे. बंदुकीच्या दारूला शिवणार नाही असं हेमंतनं माझ्याकडून एकदा कबूल करून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी दुपारी मी स्कूटरवर डबा घेऊन रेंजवर गेले. आबांचा गाल रायफलच्या लाकडी कुंद्याला टेकलेला होता. रेंजची व्यवस्था बघणारे फडतरे मास्तर शेजारी खुर्ची टाकून, वही मांडीवर घेऊन बसले होते.

"किती सेकंद झाले?" मी विचारलं.

"अकरा. सकाळपासून अकराच आहेत."

मी भाकरीचे लहान घास करून आबांना भरवले. त्यांनी डोळा निशाणावरून काढला नाही.

"दुखतंय का, आबा?"

"मान जरा. तू जा पोरी, उन्हात थांबू नको."

"दोष काय होता तेवढं सांगा, सुभेदार," फडतरे म्हणाले. "वहीत लिहिला की वेळ पुढं सरकेल. पण ज्यानं काडतूस भरलं त्यानंच सांगायचा."

"दारू दमट असंल," आबा म्हणाले.

फडतऱ्यांनी लिहिलं. शाई वाळली तशी अक्षरं नाहीशी झाली.

"हा नाही," ते म्हणाले.

मी डबा धुतला आणि घरी आले. त्या काडतुसाबरोबर भरलेली आणखी नऊ काडतुसं कपाटात होती. ती मी एक एक करून उघडली. दारू ताटलीत ओतली, ती मोहरीसारखी सुटी आणि कोरडी होती. टोप्यांवरून नख फिरवलं, सगळ्या नीट खाली बसलेल्या होत्या. कुठंही काही चुकलेलं नव्हतं. तरी रोज दुपारी मी आबांना घास भरवताना हळूच एखादा दोष सुचवायचे आणि ते तो मोठ्यानं सांगायचे. टोपीला तेलाचा हात लागला असेल. पुंगळी आखूड झाली असेल. रायफलची पिन झिजली असेल. फडतरे लिहायचे आणि पान कोरं व्हायचं.

पाचव्या दिवशी त्यांनी मोजायची टेप लावली. तीनशे मीटरची रेंज दोनशे चाळीस भरली.

"थांबलं की अंतर आटतं," ते म्हणाले. "सुती कापडाचं असतं तसंच."

रस्ताही आटत होता. घरापासून रेंज नऊ किलोमीटर होती, ती आठवड्यात चार झाली. दहाव्या दिवसापासून मी पायीच जाऊ लागले. पंधराव्या दिवशी रेंज आमच्या कुंपणाला येऊन टेकली आणि मी डबा भरायचा सोडून ताटच घेऊन जाऊ लागले. निशाणामागं गोळ्या अडवायला मातीचा उंच बांध असायचा. तो वाटेत कुठं तरी मागं राहिला होता. मी विचारलं तेव्हा फडतरे म्हणाले की बांध त्यांच्या वहीत येत नाही.

"आबा कधी येणार?" हेमंत जेवताना विचारायचा.

"येतायत," मी म्हणायचे. "रोज थोडे थोडे."

त्यानं पुढं कधी विचारलं नाही.

विसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, आबा आमच्या घरातल्या बोळात पडलेले होते. पाय दाराच्या उंबऱ्याला लागत होते. फडतऱ्यांची खुर्ची चपलांच्या मांडणीपाशी होती. निशाणाचा कागद स्वयंपाकघराच्या चौकटीत वरपासून खालपर्यंत ताणून बसला होता, नळीपासून चार हातांवर. त्याच्या काळ्या वर्तुळात मधोमध एक भोक होतं. मी बोट लावलं. कडा गरम होत्या.

"दहा गुण," फडतरे म्हणाले.

"पण उडालंच नाही अजून."

"भोक आलंय. गोळी यायची आहे."

आबांचे ओठ फुटले होते. त्यांचा शर्ट अंगाखाली दबून फरशीच्या रंगाचा झाला होता. "पोरी," ते म्हणाले, "माझे सगळे दोष संपले. तुझ्याकडं एखादा आहे का?"

मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"मास्तर, ते काडतूस मी भरलं. चार वर्षं मीच भरते."

फडतऱ्यांनी पान उलटलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "दोष?"

"टोपी पूर्ण खाली दाबली नव्हती. नखाला लागत होती. तशीच ठेवली."

"चुकून?"

"नाही. कंटाळा आला होता मला. एकदा तरी काडतूस उडू नये, मग आबा आपणहून हे बंद करतील, असं वाटलं."

फडतऱ्यांनी लिहिलं, टोपी वर राहिली. शाई वाळली आणि अक्षरं जागच्या जागी राहिली.

"बारा," ते म्हणाले.

आबांनी कुंद्यावरचा गाल उचलला. गालावर लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या. "माझ्या अंगठ्याला लागली होती ती," ते म्हणाले. "आत सरकवताना."

"मग घातलंत कशाला?"

"तू भरलेलं होतं. परत कसं देणार?"

"ज्यानं भरलं त्यानं धरायचं," फडतरे म्हणाले. "नळी हलवू नका. चौदा."

आबा एका बाजूनं सरकत बाहेर आले आणि मी दुसऱ्या बाजूनं आत गेले. फरशी त्यांच्या अंगानं तापलेली होती. मी कुंदा खांद्याला लावला. आबा भिंतीला धरून उठले, दारातून बाहेर गेले आणि त्यांच्या पावलांचा आवाज थांबला. आता कागद वीतभरच दूर होता. भोकातून स्वयंपाकघरातला पिवळा उजेड येत होता, आणि तिथं कुणी तरी शेंगा फोडत होतं.

रविवार होता. हेमंत घरी होता.

"हेमंत," मी म्हटलं, "तिथून ऊठ." गाल दाबलेला असल्यामुळं शब्द चपटे निघाले.

"काय?"

"बाहेर जा. मागच्या दारानं जा."

"ऐकू येत नाही गं. कुठं आहेस तू?"

"अठरा," फडतरे म्हणाले.

"बोलू नकोस. लांब जा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं, आणि ती माझ्याच दिशेनं येत होती. कागदावर पलीकडून हात फिरला, वरपासून खालपर्यंत, कडी शोधत असल्यासारखा.

"शैला, हे दार कधी बसवलं?"

"एकवीस."

मी ओरडले. कुंद्याच्या लाकडानं आवाज सगळा आत घेतला.

"याला भोक कसलं आहे?" हेमंत म्हणाला.

उजेड गेला. भोकात त्याचा डोळा आला, आणि आतल्या अंधारात काय आहे ते ओळखायला तो बारीक झाला.