रिकामी आलेली वाटी

"ती हसते लय. तिच्याव ध्यान ठेव गो," असं समोरची रंगूबाई शेजारच्या विनिताबद्दल म्हणाली होती, ते संचिताने कानाआड केलं. दिवा स्टेशनजवळच्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर म्हातारीचं कुणाबद्दल बरं मत नव्हतंच. आणि विनिता तर हसवायलाच जन्मलेली. कपाळाला टेंगूळ आलं, तर म्हणे कपाटाने मुका घेतला. हाताला प्लास्टर घालावं लागलं, तर त्यावर संचिताच्या तीन वर्षांच्या केदारला हत्ती काढायला बसवलं. केदारच्या जन्मानंतर संचिता घाबरून दिवसभर त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची, तेव्हा हीच रोज गरम डबा आणायची आणि संचिता पोटभर हसल्याशिवाय उठायची नाही.

दोघींच्या घरांत वाट्यांची ये-जा असायची. वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे दोघी आपापल्या आईकडून शिकलेल्या. काहीच नसलं तर चिमूटभर साखर.

एका दुपारी वाटी परत द्यायला विनिताचा नवरा मितेश आला. ती झोपलीय म्हणाला आणि वळला. वाटी धुतलेली, कोरडी, रिकामी होती. विनिताने ती तशी पाठवलीच नसती.

दार लावून संचिता तशीच उभी राहिली. भिंतीपलीकडे धप्प झालं. पुन्हा झालं. मग कुणीतरी कण्हलं.

तिने केदारला कार्टून लावून दिलं, बाहेरून कडी घातली, पोलिसांना फोन केला आणि रंगूबाईला उठवलं. दोघींनी दार बडवलं. मितेशने उघडलं, आमच्या घरातलं आम्ही बघू म्हणाला. त्याच्या मागे ओट्याखाली विनिता पडली होती. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, गाऊन रक्ताने चिकटलेला.

संचिता आत घुसली. त्याने तिचे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. तिने त्याच्या मनगटात दात रुतवले, तोंडात रक्त येईपर्यंत. त्याने दुसरा हात उगारला, तेवढ्यात रंगूबाईने मोरीजवळची भरलेली कळशी उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली. काहीतरी कडकन मोडलं. तो कोसळला, तशी तिने रिकामी कळशी आणखी दोनदा घातली.

लादीवर पाणी आणि रक्त पसरलं. विनिताने एक डोळा उघडला.

"म्हातारे," ती फाटक्या ओठांनी म्हणाली, "पाणी आता परवा येणारेय."

रंगूबाईने तिला एक सणसणीत शिवी हासडली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. संचिता हसायला लागली, आणि मग ते हसणं रडण्यात कधी गेलं, तिचं तिलाच कळलं नाही.

पोलीस आले आणि मितेशला घेऊन गेले. विनिता आता टिटवाळ्याला बहिणीकडे असते. संचिता रोज फोन करते, तोही व्हिडिओवर. नुसत्या आवाजावर आता ती विश्वास ठेवत नाही.

प्रत्येक दुखण्याचा विनोद करणारी एखादी मैत्रीण तुमचीही असेल. आज तिच्याकडे जाऊन या. मजेत आहे असं ती दारातूनच म्हणाली, तरी आत जाऊन बसा.