वास घेतलेली पिशवी

आमच्या आईला, म्हणजे सुंदराबाईला, वास घेतल्याशिवाय कुणाच्या ताटात काही वाढता येत नाही. सार असो, कालवण असो, शेजारणीनं दिलेली खीर असो, आधी टोप नाकाशी नेणार आणि मगच डाव बुडवणार. मालगुंडात अख्ख्या वाडीला हे ठाऊक आहे. लग्नात उरलेलं जेवण आंबलंय की नाही ते बघायला तिलाच बोलावतात.

बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं हे काम बंद पडलं. टाके सुकेपर्यंत तोंडानं पाणीसुद्धा नाही. मानेजवळच्या शिरेत नळी घातली होती, आणि दुधासारखं पांढरं औषध पिशवीतून थेंब थेंब रक्तात जायचं. तेच त्यांचं जेवण. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ह्यात साखर, चरबी, सगळं आहे. माणसाला पोसतं तसं जंतूंनाही पोसतं. पिशवी मेडिकलमधून आणायची आणि सिस्टरच्या हातात द्यायची. बाकी कशाला हात लावायचा नाही."

हे मला सांगायची गरज नव्हती. मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. चाळीस बायकांना हात धुवायला लावायचं, त्यांची नखं बघायची, ह्याचाच मला पगार मिळतो. बायका पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

बाराव्या दिवशी ड्युटी करून सरळ मेडिकलमध्ये गेले, पिशवी घेतली. वॉर्डात वीस पेशंट आणि सिस्टर अक्षया एकटी. "थांबा, आलेच," म्हणाली. मी पिशवी आईच्या मांडीवर ठेवली, स्टुलावर टेकले आणि भिंतीला डोकं लावून झोपून गेले. जाग आली तेव्हा पिशवी टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना हुडहुडी भरली. पलंग वाजायला लागला. ताप एकशे तीन. डॉक्टरांनी पोट चाचपलं. "आतले टाके सुटले असावेत. संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर पोट पुन्हा उघडावं लागेल." बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. पुन्हा उघडलं तर ते टेबलावरून उठणार नाहीत, हे कुणी सांगायला नको होतं.

आईनं मला जिन्यात ओढलं.

"करुणा, काल त्या पिशवीचा वास घेतलाय मी."

"म्हणजे?"

"खालचं झाकण काढून. बोट लावून चाखलं पन जरासं. आंबलेलं नव्हतं गो. मग परत लावलं झाकण."

मला तिला मारावंसं वाटलं. आणि तसं वाटल्याची लाजही वाटली, कारण पिशवी तिच्या मांडीवर ठेवून मीच झोपले होते.

"डाक्टरला सांगू नको," ती म्हणाली. "ह्यांना काय झालं तर वाडी म्हनेल, बायकोनंच मारलान."

"नाही सांगितलं तर पोट फाडतील बाबांचं."

ती पायरीवर बसली. रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मी वर जाऊन डॉक्टरांना सांगितलं, "पिशवीचं झाकण मी उघडलं होतं. वास बघायला."

त्यांनी सगळ्या वॉर्डासमोर माझी खरडपट्टी काढली. पण लगेच पिशवी उतरवली, नळी काढली, रक्त तपासायला पाठवलं, हाताच्या शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्तात जंतू होते, नळीच्या टोकावरही तेच. पोटातले टाके शाबूत होते. ऑपरेशन टळलं, ताप उतरला.

त्या संध्याकाळी मुंबईहून भावाचा, अमरदीपचा, फोन आला. बाबांनीच त्याला सगळं सांगितलं. मग तो स्पीकरवरून माझ्यावर सुटला. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मारलं असतंस बाबांना." वॉर्डात माझी खरडपट्टी निघाली तेव्हापासून बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी आईकडे पाहिलं. आता तरी बोलेल, वाटलं.

तिनं फोन हातात घेतला. "नको ओरडू रे तिला. दमलेली व्हती पोर. चूक होते मानसाकडनं. मी नाय धरलं मनात, तू पन धरू नको."

आवाज अगदी खरा होता. माझ्या डोक्यावरून तिनं हातही फिरवला. राग आला, पण भांडायला अंगात जीव उरला नव्हता.

"हो," मी म्हटलं, "चूक झाली माझी."

बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.