पडद्याबाहेरचे तीन धडे

"झालं, सिस्टर. संपला कोर्स." वॉर्डबॉय मामांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "चार धडे, चारही उत्तरं बरोबर. आता काय बक्षीस द्यायचं ते द्या."

सिस्टर हसल्या नाहीत. धडे सात होते.

"मामा, ऑटोक्लेव्हमधून हत्यारांचा गठ्ठा काढलाय. वरची पट्टी नीट काळी झालीय, पण कापड हाताला ओलसर लागतंय. काय कराल?"

"पंख्याखाली धरीन की! दहा मिनिटांत खडखडीत."

कोर्सची मांडणी केलेल्या, शेजारी बसलेल्या डिझायनरबाईंनी मान खाली घातली. पट्टी काळी झाली म्हणजे ऑटोक्लेव्हची गरम वाफ लागली एवढंच, पण ओल्या कापडातून जंतू पुन्हा आत शिरतात. तसला गठ्ठा शस्त्रक्रियेला द्यायचा नसतो, उघडून सगळं पहिल्यापासून करायचं असतं. सातवा धडा नेमका हाच होता.

निर्जंतुकीकरणाच्या या खोलीत सिस्टरांची एकोणतीस वर्षं गेली होती. नवं माणूस आलं की त्याला त्या शेजारी उभं करत आणि हात धरून शिकवत. शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या. त्यानंतर विचारायला कुणी नसणार, असणार तो हा ऑनलाइन कोर्स. मामांची बदली वॉर्डातून याच खोलीत झाली होती, म्हणून आज त्यांना मुद्दाम बसवलं होतं.

"सातही धडे वर एका ओळीत आहेत, सिस्टर," डिझायनरबाईंनी आपला कॉम्प्युटर वळवला. "बघा ना, किती छान बसलेत."

कॉम्प्युटरवर खरंच छान बसले होते. मोबाइलवर मात्र चारच मावत होते, आणि इतके नेमके मावत होते की पाचव्याचा कोपराही दिसत नव्हता.

"बोटानं बाजूला सरकवलं की पुढचे येतात."

"मामा, तुम्ही सरकवलं का?"

"कशाला? भिंत संपली तिथं कोण दार शोधत बसतं?"

सिस्टरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. आठवडाभर अकरा जणांकडून कोर्स करून घेतला होता. पहिले चार धडे अकराही जणांनी उघडले होते. पाचवा दोघांनी, सहावा एकीनं. सातवा कुणीच नाही.

"आणि अकराही जणांनी 'पूर्ण झाला' असं कळवलंय," त्या म्हणाल्या. "खोटं कुणीच बोललेलं नाही."

डिझायनरबाईंनी कागद जवळ ओढला. "मग पाचव्याचा अर्धा तुकडा दिसू देते. पुढे काहीतरी आहे हे कळेल तरी."

उपाय वाईट नव्हता. सिस्टरांनी क्षणभर विचार केला.

"त्यातून पाचवा आहे हे कळेल. सात आहेत हे नाही कळणार. तुम्ही उभी यादी करा. एकाखाली एक."

"अहो, जुनाट दिसतं ते! शिवाय चित्रांची रुंदी जाते."

"यादी पहिल्याच पानावर ठेवा. धडा उघडला की ती आत जाऊ दे, अख्खा पडदा चित्राला. परत यायला एक बटण."

"माझी नोकरी खाणार तुम्ही, सिस्टर."

"शनिवारपर्यंत सांभाळा. मग माझीच सुटतेय."

आता मामा एकटेच हसले.

दुपारी यादी तयार झाली. सिस्टरांनी ती मामांच्या मोबाइलवर उघडली. वर सिस्टरांचं निरोपाचं मनोगत, त्याशेजारी पांढऱ्या टोपीतला त्यांचा फोटो, आणि खाली एकाखाली एक धडे. त्यांनी मोजले. सहा. सातवा पडद्याच्या खालच्या कडेआड होता.

"मनोगत काढा," त्या म्हणाल्या.

"सगळं? फोटो काय सुरेख आलाय हो तुमचा."

"म्हणूनच तर एवढी जागा खातोय."

"शेवटी टाकू का मग? सातव्याच्या खाली?"

"नको. शेवटी सातवाच हवा. तो वाचला की माणसानं उठून कामाला लागावं."

डिझायनरबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मनोगत पुसलं. यादी वर सरकली. सातही ओळी पडद्यावर आल्या.

शुक्रवारी दुपारी सिस्टर दप्तरखान्यातून निवृत्तीच्या कागदांवर सह्या करून परतल्या तेव्हा ऑटोक्लेव्ह नुकतं उघडलं होतं. मामा एकेक गठ्ठा काढून पट्टी बघत होते, मग हातमोजा उतरवून कापडाला तळहात लावत होते. चौथ्या गठ्ठ्यावर त्यांचा हात थांबला. पट्टी काळी होती. त्यांनी खालचा कोपरा चाचपला, पुन्हा चाचपला.

सिस्टर दारातच थांबल्या. उत्तर अगदी ओठांवर होतं.

मामांनी वर पाहिलं नाही. गठ्ठा त्यांनी बाजूच्या टेबलावर नेला, उघडला, आतली हत्यारं परत धुवायच्या ट्रेमध्ये ठेवली आणि पाचवा गठ्ठा उचलला. पंखा बंदच होता.

सिस्टर कपाटातल्या आपल्या वस्तू आवरायला आत गेल्या.